‘मग त्यांनी शेती धरलीच कशाला?’

वाचकाचं पत्र

आमची मुलगी १४ वर्षांची आहे. गेली दोन वर्षं ती घरीच शिकते. इतिहास माझ्याकडे आहे, पण माझं स्वतःचं शिक्षण हिशेबाचं. सध्या आम्ही ‘भटका माणूस शेतकरी कसा झाला’ या भागावर आहोत. मी तिला सांगितलं, की माणूस आधी शिकारीमागे फिरायचा, मग बी पेरलं की रोप उगवतं याचा त्याला शोध लागला, मग तो शेताजवळ घर बांधून राहिला आणि त्याची पोटाची चिंता मिटली. तिने कुठेतरी वाचलं होतं, की शिकार करून आणि कंदमुळं गोळा करून जगणाऱ्यांना शेतकऱ्यांपेक्षा कमी कष्ट पडायचे. ती म्हणाली, “मग त्यांनी शेती धरलीच कशाला?” मला उत्तर देता आलं नाही. “पुढे बघू” म्हणून मी वेळ मारून नेली आणि तेव्हापासून तिचं या विषयातलं लक्षच उडालं आहे. आता कुठून सुरुवात करू? किती दिवस द्यावेत? आणि मलाच पुरतं माहीत नसताना मी हा विषय शिकवावा का?

— एक वडील

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमच्या मुलीने विचारलेला प्रश्न या विषयाच्या अगदी गाभ्यातला आहे. पुरातत्त्वाचे अभ्यासक त्याच्याशी पिढ्यान्‌पिढ्या झगडत आहेत. तेव्हा तो बाजूला ठेवून पुढे जाऊ नका. तोच तुमचा अभ्यासक्रम समजा. उद्या तिच्याशी बोलताना आधी एवढं कबूल करा, की “मी तुला जी साखळी सांगितली, तिच्यात दोन कड्या चुकीच्या होत्या.” चौदा वर्षांच्या मुलीला वडिलांच्या तोंडून हे ऐकायला मिळालं, की उडालेलं लक्ष परत यायला वेळ लागत नाही.

पहिली चुकीची कडी ‘शोध लागला’ ही. जो माणूस जन्मभर रानातल्या गवतावर, फळांवर, कंदांवर जगतो, त्याला बी मातीत पडून उगवतं हे माहीत नसेल? कुठलं गवत कधी पिकतं, कुठला कंद पावसानंतर गोड लागतो, हे त्यांना आपल्यापेक्षा कितीतरी जास्त कळत होतं. इस्राएलमध्ये गॅलिलीच्या सरोवराकाठी ओहालो नावाची जागा आहे. १९८९ साली सरोवराचं पाणी बरंच खाली गेलं, तेव्हा ती उघडी पडली. २३,००० वर्षांपूर्वीच्या काटक्यांच्या झोपड्या, रानटी जवाचे आणि गव्हाचे दाणे, ते वाटायचा दगड, असं सगळं तिथे मिळालं. म्हणजे शेती सुरू होण्याच्या ११,००० वर्षं आधी लोक धान्य गोळा करून वाटून खात होते. माहिती होती, पण शेती नव्हती. तेव्हा ‘माहीत झालं म्हणून शेती केली’ हे कारण पुरत नाही.

दुसरी कडी क्रमाची. आपण म्हणतो, आधी शेती, मग घर. पश्चिम आशियात, जिथला पुरावा सगळ्यात भरपूर आहे, तिथे हे उलटं झालं. सुमारे १५,००० वर्षांपूर्वी तिथे जे लोक राहत होते, त्यांना अभ्यासक नॅटुफियन म्हणतात. त्यांनी जमिनीत थोडी खोदलेली, दगडी पायाची गोल घरं बांधली. ते हरणं मारायचे, रानटी धान्य कापायचे, मेलेल्यांना वस्तीतच पुरायचे. शेती करत नव्हते.

आता तिला विचारा, की हे लोक एका जागी वर्षभर राहत होते की ऋतूप्रमाणे येऊन-जाऊन असायचे, हे कळणार कसं? घरं तर दोन्ही प्रकारच्या लोकांची असू शकतात. तिला विचार करू द्या, घाई करू नका. याचं एक उत्तर उंदरांच्या दातांत आहे. त्या भागात उंदरांच्या दोन जाती होत्या. एक माणसाच्या सांडलवंडीवर जगणारी, दुसरी रानातच बरी राहणारी. माणसं एका जागी दीर्घकाळ टिकली, की घरउंदीर रानउंदराला हुसकून लावतो. माणसं पुन्हा फिरती झाली, की रानउंदीर परत डोकं वर काढतो. ऐन मल्लाहा या नॅटुफियन वस्तीतले उंदरांचे बारीक बारीक दात तपासले, तेव्हा घरउंदीर १५,००० वर्षांपूर्वीच माणसाच्या घरात येऊन बसला होता असं दिसलं. शेतीच्या निदान तीन हजार वर्षं आधी! मला स्वतःला हा पुरावा फार आवडतो. कुणी लिहून ठेवला नाही, कुणी मुद्दाम जपला नाही, पण खोटं बोलणार नाही असा हा साक्षीदार आहे.

अजून एक. जॉर्डनमधल्या शुबायका इथे १४,४०० वर्षांपूर्वीच्या चुलीत जळालेल्या भाकरीचे तुकडे सापडले. भाकरीसुद्धा शेतीच्या आधीची.

हे शिकवताना एक दोरी घ्या, ३ मीटरची. १ सेंटिमीटर म्हणजे १,००० वर्षं. आपली माणसाची जात सुमारे ३ लाख वर्षांची, म्हणजे ती पूर्ण दोरी. शेती शेवटच्या ११-१२ सेंटिमीटरमध्ये येते आणि लिहिणं शेवटच्या ५ मध्ये. ओहालोची गाठ तिलाच मारू द्या. पुस्तकातल्या तक्त्यापेक्षा ही दोरी जास्त लक्षात राहते.

इथे ‘भटका’ या शब्दाविषयी थोडं बोलतो, कारण तो अगदी सहज तोंडात येतो. जनावरं घेऊन कुरणामागे फिरणारे मेंढपाळ आणि शिकारीवर, कंदमुळांवर जगणारे लोक यांची गल्लत होऊ देऊ नका. मेंढ्या-शेळ्या माणसाळल्या त्या शेतीच्याच सुमारास, सुमारे १०,५०० वर्षांपूर्वी. कळप घेऊन हिंडणं हे त्यानंतरचं जगणं आहे, शेतीच्या आधीची पायरी नव्हे. बहुतेक मेंढपाळ आजही शेतकऱ्यांशी देवघेव करूनच जगतात. फिरणारे लोक म्हणजे ‘मागे राहिलेले’ अशी समजूत मुलांच्या मनात या धड्यातूनच नकळत रुजते, आणि पुढे ती जिवंत माणसांना लावली जाते. म्हणून मी ‘अन्न गोळा करणारे’ किंवा ‘शिकार-संकलनावर जगणारे’ असं म्हणतो. शब्द जरा लांब आहे, पण असू दे.

आता मुख्य धडा. तो गव्हाच्या ओंबीवर आहे आणि यावर तुम्ही चांगले चार-पाच दिवस घालवा.

रानटी गव्हाची ओंबी पिकली, की तिचे सांधे सुटतात आणि दाणे आपोआप गळून जमिनीवर पडतात. झाडाच्या दृष्टीने हे बरोबरच आहे, बी मातीत पडलं पाहिजे. क्वचित एखाद्या झाडात असा बदल झालेला असतो, की सांधा सुटत नाही आणि दाणे ओंबीलाच चिकटून राहतात. रानात असं झाड निपुत्रिक जातं. पण माणूस विळा घेऊन आला, की गणित उलटतं. गळणाऱ्या ओंब्यांचे दाणे बरेचसे मातीत जातात आणि न गळणाऱ्यांचे सगळे टोपलीत येतात. त्यातलेच पुढच्या वर्षी पेरले, तर?

तुमचं शिक्षण हिशेबाचं आहे म्हणता, मग हे तुम्हीच तिच्याबरोबर करून बघा. ९८ पांढरे मणी आणि २ काळे मणी एका डब्यात घ्या. काळे म्हणजे न गळणारे. दर कापणीला पांढऱ्यांतले निम्मे काढून टाका, काळे सगळे ठेवा. उरलेल्यांच्या प्रमाणात पुन्हा १०० मणी भरा, म्हणजे पेरणी झाली. पहिल्या कापणीनंतर काळे साधारण ४ होतील. मग ८, मग १५, २६, ४१, आणि सहाव्या कापणीला ५८. कुणीही ‘चांगलं बी’ निवडलेलं नाही, कुणाच्या मनातही काही नाही, तरी पीक बदललं. माणसाने गहू पाळला तो असा, नकळत. उलट बाजूने बघितलं, तर त्या गव्हालाही आता माणूस लागतो. न गळणारं बी मळणी करून कुणी पेरलं नाही, तर त्याचा वंश तिथेच संपतो.

हा खेळ झाल्यावर तिला पुढचा धक्का द्या. आपल्या डब्यात सहा कापण्या लागल्या. १९९० मध्ये दोन ब्रिटिश संशोधकांनी रानगहू प्रत्यक्ष पेरून-कापून हिशेब मांडला, तेव्हा हा बदल २०० वर्षांच्या आत होऊ शकतो असं निघालं. पण जमिनीतून निघालेले जळके दाणे तपासले, तर दिसतं की प्रत्यक्षात दोन हजार किंवा त्याहून जास्त वर्षं लागली. दाणा ओंबीपासून आपोआप सुटला असेल, तर तिथला व्रण गुळगुळीत असतो. मळून तोडला असेल, तर खडबडीत. ही ओळख त्या व्रणांवरून होते.

एवढा वेळ का लागला असेल? तिला निदान तीन कारणं शोधायला सांगा, लगेच सांगून टाकू नका. ओंब्या थोड्या हिरव्या असतानाच कापल्या, तर गळणारे दाणेही टोपलीत येतात. गळलेले दाणे लोक जमिनीवरून वेचत असतील. ओंब्या झोडपून दाणे पाडले, तर उलट गळणाऱ्यांचेच जास्त मिळतात. पीक बुडालं, की पुन्हा रानातून बी आणलं जात असेल, म्हणजे डब्यात परत पांढरे मणी. यातलं प्रत्येक कारण म्हणजे एका माणसाच्या हाताची एक सवय आहे. मुलगी तिथे पोहोचली, की ‘क्रांती’ हा शब्द तिला आपसूकच खटकेल. गॉर्डन चाइल्ड या पुरातत्त्वज्ञांनी १९३० च्या दशकात शेतीच्या सुरुवातीसाठी ‘नवाश्मयुगीन क्रांती’ हा शब्द रूढ केला आणि तो अजून पुस्तकांत आहे. परिणाम बघितले तर शब्द योग्य आहे. वेग बघितला तर अजिबात नाही. तिने दोन्ही बाजूंनी वाद घालून बघावा.

आता तिच्या प्रश्नाकडे येऊ. कष्टांविषयी तिने जे वाचलं, त्याचं मूळ बहुधा रिचर्ड ली या मानववंशशास्त्रज्ञांच्या कामात असावं. १९६० च्या दशकात ते आफ्रिकेतल्या कालाहारी वाळवंटात, शिकार-संकलनावर जगणाऱ्या झू-होआन्सी लोकांबरोबर राहिले आणि अन्न मिळवायला किती वेळ जातो, हे त्यांनी मोजलं. आठवड्याचे दोन-तीन दिवस पुरत होते. पण त्या हिशेबात अन्न तयार करणं, हत्यारं दुरुस्त करणं नव्हतं. ते धरलं, की तास बरेच वाढतात. शिवाय विसाव्या शतकातले लोक म्हणजे १५,००० वर्षांपूर्वीचे लोक नव्हेत. हे तिला सांगा, पण तिचा मुद्दा खोडून काढण्यासाठी नको. आकडा दिसला की तो कसा मोजला हे विचारायचं असतं, ही सवय लागण्यासाठी सांगा.

रानटी धान्य किती सहज मिळायचं, हे जॅक हार्लन या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात करून पाहिलं. तुर्कस्तानात काराजादा डोंगराच्या उतारावर रानगहू अजून उगवतो. चकमकीच्या दगडाचं पातं बसवलेल्या विळ्याने त्यांनी तो कापला आणि तासाला सुमारे १ किलो स्वच्छ धान्य मिळवलं. त्यांचा अंदाज असा, की एका कुटुंबाने तीन आठवडे कापणी केली, तर वर्षभर खाऊनही उरेल. आणि पाळीव आइनकॉर्न गव्हाशी सगळ्यात जवळचं नातं असलेला रानगहू याच डोंगरातला आहे, असं १९९७ च्या डीएनए तपासणीत निघालं. रान असं भरलेलं असताना पेरायची उठाठेव कोण करेल? तिचा प्रश्न यामुळे आणखी धारदार होतो. होऊ द्या.

आणि मग तिला अबू हुरेराला घेऊन जा. सीरियात युफ्रेटिस नदीकाठी हे टेकाड होतं. १९७२-७३ मध्ये घाईघाईने त्याचं उत्खनन झालं, कारण धरणाचं पाणी येणार होतं. आज ते तलावाखाली आहे. या एकाच टेकाडात खालच्या थरात शिकार-संकलन करणारे लोक आहेत आणि वरच्या थरात शेतकरी. वरच्या थरातल्या सांगाड्यांची हाडं थिया मॉलसन या अभ्यासक बाईंनी तपासली. पायाच्या अंगठ्याचे सांधे झिजलेले, गुडघ्यांवर ताणाच्या खुणा, कंबरेचे मणके दुखावलेले. ही हाडं बहुतेक बायकांची होती. कारण? गुडघ्यांवर बसून, पायाची बोटं मागे जमिनीत रोवून, सगळं अंग पुढे लोटत दगडावर धान्य वाटायचं. रोज, तासन्‌तास, लहानपणापासून.

हे नुसतं वाचू नका. तिला तसं गुडघ्यांवर बसवा, बोटं मागे दुमडून, आणि एक खरबरीत सपाट दगड व एक हातात मावेल असा दगड देऊन मूठभर गहू वीस मिनिटं वाटायला सांगा. तुम्हीही बसा. किती पीठ निघालं ते तोला आणि एका माणसाच्या दिवसभराच्या खाण्याशी ताडून बघा. बोटांचे सांधे कुठे दुखले, ते तिला वहीत लिहू द्या. मग अबू हुरेराच्या अंगठ्यांविषयी पुन्हा बोला. मी आजवर ज्या मुलांकडून हे करून घेतलं, त्यांच्यापैकी बहुतेकांनी आपणहून विचारलं, “हे काम बायकांकडेच कसं गेलं?” त्या प्रश्नाचा पक्का निकाल नाही, पण तो विचारला जाणं मला मोलाचं वाटतं.

तर मग शेती धरली कशाला? माझं उत्तर असं आहे, की ‘धरली’ हेच क्रियापद चुकतं. कुणी धरली नाही. कुठल्याच पिढीसमोर ‘शिकार की शेती’ असे दोन रस्ते उभे नव्हते. हिमयुग ओसरलं, हवा उबदार झाली, रानटी धान्य माजलं आणि लोक त्याच्याजवळ स्थिरावले. फिरणाऱ्या आईला एक मूल कडेवर असताना दुसरं नको असतं, त्यामुळे दोन मुलांत तीन-चार वर्षांचं अंतर राहायचं. एका जागी राहणाऱ्या आईवर ते बंधन नव्हतं. धान्याची पेज मिळू लागल्यावर बाळाचं दूध लवकर सुटू शकलं आणि अंतर कमी झालं. तोंडं वाढली. मग सुमारे १२,९०० वर्षांपूर्वी हवा पुन्हा गारठली आणि कोरडी पडली. ते जवळजवळ १,२०० वर्षं चाललं. काही नॅटुफियन लोक पुन्हा फिरू लागले. ११,७०० वर्षांपूर्वी ऊब परत आली आणि या वेळी हवामान टिकून राहिलं. रानातलं कमी पडलं तिथे थोडं पेरायचं, तण काढायचं, थोडं साठवायचं. एका आजीच्या आयुष्यात यातला फरक जाणवलाही नसेल. शंभर आज्यांनंतर मात्र गावात इतकी माणसं होती, की आजूबाजूच्या रानावर त्यांचं पोट भरलं नसतं. तोपर्यंत अंगठे झिजायला लागले होते, पण परतीची वाट राहिली नव्हती.

या मांडणीवर सगळ्या अभ्यासकांचं एकमत नाही. कुणी हवामानावर भर देतं, कुणी वाढत्या माणसांवर, कुणी जेवणावळी आणि उत्सवांवर. तुर्कस्तानातल्या गोबेक्ली टेपे इथे ११,५०० वर्षांपूर्वी शिकारी लोकांनी साडेपाच मीटर उंचीपर्यंतचे कोरीव खांब उभे केले. तिथली हाडं रानटी जनावरांची आहेत. इतक्या माणसांना एकत्र आणायचं, खायला घालायचं, यातून धान्याची गरज वाढली असेल का? हा विचार तिच्यापुढे ठेवा. एक मात्र सांभाळा. ‘शेती ही प्रगती’ हे वाक्य सोडून ती ‘शेती ही घोडचूक’ या टोकाला जाऊ शकते, त्या वयात ते साहजिक आहे. तेव्हा साठवलेल्या धान्याची आठवण करून द्या. वाईट वर्षी ज्या आईच्या कणगीत धान्य होतं, तिचं मूल जगलं.

बाकी जग एका दिवसात नकाशावर दाखवा. चीनमध्ये यांगत्सेकाठी भात, उत्तरेला राळा. मेक्सिकोत टिओसिंटे नावाच्या गवतापासून मका, सुमारे ९,००० वर्षांपूर्वी. न्यू गिनीत केळी आणि अळू. अँडीज पर्वतात बटाटा. आफ्रिकेत ज्वारी, बाजरी. एकमेकांची खबर नसलेल्या लोकांनी हे केलं. आणि सोबत जपानचे जोमोन लोकही दाखवा. ते मातीची भांडी करत होते, गावांत राहत होते आणि तरी हजारो वर्षं मुख्यतः मासे, फळं आणि शिकारीवर जगले.

तीन आठवडे पुरेत, रोज तासभर. तुम्हाला पुरतं माहीत नाही ही इथे अडचण ठरत नाही. उंदराचे दात, मणी, अंगठा यांतलं काहीही मोठ्या माणसाला आधी ठाऊक असण्याची गरज नाही. फक्त उत्तर तिच्या आधी तुमच्या तोंडातून निसटू देऊ नका. परीक्षा घेऊ नका. तिला अबू हुरेराच्या एका बाईचा एक दिवस दोन पानांत लिहायला सांगा आणि अट घाला, की प्रत्येक वाक्याला कुठला पुरावा आहे ते समासात लिहायचं. जिथे पुरावा नाही, तिथे ‘माझी कल्पना’ असं लिहायचं.

आणि शेवटच्या दिवसासाठी एक उलटा प्रश्न राखून ठेवा. ब्रिटनमध्ये शेती सुमारे ६,००० वर्षांपूर्वी बाहेरून आलेल्या लोकांबरोबर पोहोचली. पण काही शतकांनी तिथल्या बऱ्याच भागांत धान्य पिकवणं मागे पडलं. लोक गुरं राखू लागले आणि रानातले हेझलनट गोळा करून खाऊ लागले. तिला विचारा, यांना धान्य सोडता आलं, मग अबू हुरेराच्या लोकांना का सोडता आलं नाही?